होडी छाप कौलं

गेला आठवडाभर आमच्या सोसायटीच्या गच्चीवर डांबर वितळतंय. अंबरनाथ पूर्वेला वैशाख झाडांवर दिसत नाही, गच्च्यांवर दिसतो. टेम्पोतून काळ्या शीटचे रोल उतरतात, गॅसचे बर्नर घेऊन माणसं वर चढतात आणि सगळ्या बिल्डिंगला जळक्या टायरचा वास येतो. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे या वासाचा पहिला मान माझा. ग्रुपवर नेहमीचं भांडण सुरू आहे. खालच्यांचं म्हणणं, गळतं तुमच्याकडे, मग आम्ही पैसे का काढायचे? छप्पर सगळ्यांचं असतं, हे इतक्या वर्षांत मला कुणाला पटवता आलेलं नाही. आता मी प्रयत्नही सोडला आहे.

गावी याच दिवसांत शाकारणी असायची. आमचं गाव बदलापूर आणि वांगणीच्या मधलं, उल्हास नदीच्या काठचं. बाबांना अंबरनाथच्या कंपनीत नोकरी लागली तेव्हा आम्ही इकडे आलो. घर तिकडेच राहिलं आणि त्या घरात हिराकाकी राहिली, माझ्या धाकट्या काकांची बायको. मे महिन्याची सुट्टी म्हणजे काकीचं घर, आणि काकीचं घर म्हणजे शाकारणी. पावसाआधी छपरावरची सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटलेली बाजूला काढायची, खालच्या कुजक्या लाकडी रिपा बदलायच्या आणि कौलं पुन्हा चढवायची. समजावून सांगायचं तर एवढंच काम.

पण त्या एका दिवसापुरतं घराला आभाळ लागायचं. सकाळी चुलीशी चहा पीत बसलो असतानाच वरचं पहिलं कौल निघे आणि उन्हाचा एक चौकोन थेट पिठाच्या डब्यावर पडे. मग दुसरा. मग तिसरा. जेवणाच्या वेळेपर्यंत सगळं घर उघडं. वर्षभर जिथे चाचपडत जायचं त्या माजघरात डोळे दिपायचे. छपरातून काय काय निघायचं! कावळ्याने पळवलेला चमचा, गेल्या सुट्टीत हरवलेला चेंडू, पतंगांचे सांगाडे, एखादा विंचू. एकदा काकांची तपकिरीची डबी निघाली, जिच्यावरून त्यांनी वर्षभर शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं होतं. आम्ही पोरंपोरी साखळी करून उभी राहायचो आणि कौल हातोहात खाली उतरायचं. काकी अंगणात उभी राहून ओरडत असायची.

"उभी ठेव गं, उभी! आडवी ठेवलीस तर खालची मरंल."

कौल फुटलं असं ती कधी म्हणायची नाही. मेलं म्हणायची.

प्रत्येक कौलाच्या पाठीवर एक छोटी होडी उठवलेली असायची. शिडाची नाही, आपल्या नदीत चालते तशी साधी होडी, आणि खाली दोन लाटा. तो आमच्या कारखान्याचा छाप. आमच्या म्हणजे मालकीच्या अर्थाने नव्हे. मालक शेट होते, मुंबईत राहायचे, हंगामात एक-दोनदा गाडीतून यायचे आणि नाकाला रुमाल लावून फिरायचे. पण माती आमच्या शेतांची, हात आमच्या बायकांचे, धूर आमच्या छातीत. त्यामुळे आमचा.

तो कारखाना कधी उभा राहिला, हे आता नक्की सांगणारं कुणी नाही. आजोबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी घरांवर गवत असायचं आणि बऱ्या घरांवर कुंभाराची नळीची कौलं. मग कुणाला तरी समजलं की आमच्या नदीकाठची चिकण माती सोन्यासारखी आहे. जवळ रेल्वे, बारवीच्या रानात जळाऊ लाकूड, आणि पावसाळा सोडला तर रिकामे हात हवे तेवढे. विटांची ती सरळ, उंच चिमणी उभी राहिली आणि गाव तिच्या सावलीकडे बघून वेळ सांगू लागलं. आजूबाजूच्या किती शाळांवर, चाळींवर, दवाखान्यांवर ती कौलं गेली असतील! कुणाच्या डोक्यावर काय आहे हे कुणी मान वर करून बघत नाही, म्हणून त्याचा इतिहास झाला नाही.

कारखाना दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि पावसाच्या तोंडावर थांबायचा. खणून आणलेली माती ढीग करून मुरत ठेवलेली असे. तिला एक आंबूस, गार वास यायचा. काकीच्या हातांना तो कायम असायचा. तिने आंबे कापले तरी आंब्याला तो वास लागायचा आणि आम्ही तसाच खायचो. मळलेल्या मातीचे गोळे लोखंडी प्रेसमध्ये जात, वरून साचा दाबला जाई आणि ओलं, लिबलिबीत कौल बाहेर येई. ते बायकांच्या हातात. तारेने त्याची कड कापायची, बोट फिरवून गुळगुळीत करायची आणि फळीवर वाळायला ठेवायचं. काकी कड कापणाऱ्यांत होती. लुगडं गुडघ्यापर्यंत ओढलेलं, कपाळावर मातीचा फराटा, आणि तोंड अखंड चालू. सगळ्या शेडमध्ये बायकांच्या हसण्याचा आवाज प्रेसच्या आवाजावर चढायचा. मी दुपारी तिचा डबा घेऊन जायचे तेव्हा ती ओल्या मातीची चिमणी करून माझ्या हातावर ठेवायची. घरी येईपर्यंत तिची चोच पडलेली असायची.

भाजलेली कौलं निवडताना लाकडी दांड्याने हलकेच वाजवायचे. चांगलं कौल खणखणायचं. तडा गेलेलं भद्द बोलायचं. ती भद्द बोलणारी कौलं गावात यायची. त्यांच्या खापऱ्यांनी आम्ही लगोरी खेळायचो, ठिकरी टाकून एका पायावर उड्या मारायचो, आणि बाळंतिणीला शेक द्यायलाही कौलाचाच तुकडा तापवून फडक्यात गुंडाळायचे. जयवंत, काकीचा मुलगा, जन्मला तेव्हाचा तुकडा तिच्या फडताळात अजून आहे. गावातला माणूस जन्मताना कौल, आणि सरणाकडे नेताना विस्तवाचं मडकं. मधे सगळी मातीच.

आणि एक रीत होती. हंगामाची पहिली भट्टी उघडली की पहिलं निघालेलं चांगलं कौल कुणी विकायचं नाही, कुणाच्या घरावर घालायचं नाही. ते गावदेवीचं. कड कापणाऱ्या बायकांतली जी जाणती, तिने ते नव्या खणात गुंडाळायचं, हळदकुंकू लावायचं आणि छातीशी धरून वाजतगाजत देवळात न्यायचं. देवीच्या छपरावरचं एखादं मेलेलं कौल उतरवून त्या जागी हे चढवायचं. मग नारळ, मग हंगाम. माझ्या आठवणीत तो मान हिराकाकीचा. एरवी सतत बोलणारी काकी त्या वाटेवर एक शब्द बोलायची नाही. मूल घेऊन चालावं तशी चालायची.

म्हणून देवीचं छप्पर एकरंगी नव्हतं. ज्या वर्षी नदीच्या वळणाची माती खणली त्या वर्षीचं कौल पिवळसर. भट्टी जास्त तापली त्या वर्षीचं काळपट. आमच्या शेतातली माती गेली त्या वर्षीचं चांगलं लालबुंद, आणि काकी येणाऱ्याजाणाऱ्याला ते बोट करून दाखवायची. "ता बघ, आमचा श्यात वर जाऊन बसलाय." शेत खणलं गेलं तिथे खड्डा राहिला आणि खड्ड्यात पाणी. भात गेलं, बेडूक आले. पण देवळाच्या छपरावर आपलं शेत आहे म्हणून ती खूश असायची. मला तेव्हा त्याची मजा वाटायची. आता त्या खड्ड्यात डेब्रिज भरून प्लॉट पडलेत, आणि मला काही मजा वाटत नाही.

शाकारणी मनात घोळत राहते ती एका विशिष्ट उन्हाळ्याची. मी कॉलेजच्या परीक्षा संपवून गावी गेले होते. सगळं नेहमीसारखंच होतं, फक्त कारखान्याच्या मैदानात कौलांच्या थप्प्या खपल्या नव्हत्या. उन्हात नुसत्या उभ्या होत्या. लोक सिमेंटचे पत्रे घालू लागले होते, ज्यांची ऐपत होती ते स्लॅब टाकत होते, जंगलातलं लाकूड मिळेनासं झालं होतं. शेटांची मुलं आली, त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही. त्यांनी जमीन पायांनी मोजली. आम्ही पोरंही बघत होतो, पण आम्हाला वाटलं फिरताहेत.

शेवटची भट्टी पेटली तेव्हा ती शेवटची आहे असं कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बायकांनी निदान तिला ओवाळलं असतं. "पावसानंतर बघू," एवढाच निरोप आला. काकीने कड कापायची तार पुसली, तेल लावलं, फडक्यात गुंडाळून घरी आणली आणि आढ्याला खोचून ठेवली. त्या शाकारणीला तिने स्वतःच्या घरावर सगळी नवी कौलं चढवली, शेवटच्या भट्टीची. काका म्हणाले, जुनी अजून चांगली आहेत. ती म्हणाली, असूंदे, जुनी मागच्या भिंतीला उभी करू, लागतील तेव्हा लागतील.

पाऊस गेला. दिवाळी गेली. फाटकाचं कुलूप निघालं नाही. काही महिन्यांनी एक ट्रक आला आणि प्रेस, दांडे, साचे सगळं उल्हासनगरच्या भंगारात गेलं. होडीचा साचाही. ज्या दिवसांत पहिली भट्टी उघडायची त्या दिवसांत गाव एकमेकांच्या नजरा चुकवत होतं. तेव्हा हिराकाकीने मागच्या भिंतीच्या थप्पीतलं एक कौल काढलं, घासून धुतलं, खणात गुंडाळलं आणि एकटी देवळात घेऊन गेली. वाजंत्री नाही, हंगाम नाही. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. लोक हसायचे. काका वारले, त्या वर्षीसुद्धा ती देवळात गेली. दर वर्षी तिच्या थप्पीतलं एक कौल कमी व्हायचं आणि देवीच्या छपरावर एक चढायचं. एकदा मी तिला विचारलं, कारखानाच नाही तर हे कशाला?

"कारखाना माणसांचा बंद जाला," ती म्हणाली. "देवीला कुनी सांगितलाय?"



मग गावात जमिनीचा पैसा आला. प्रत्येकाच्या दारात गाडी आली, आणि गाड्यांच्या मानाने देऊळ लहान दिसू लागलं. जीर्णोद्धार ठरला. स्लॅब, संगमरवर, कळस, ग्रॅनाइटवर देणगीदारांची नावं. कौलं उतरवली गेली. तेव्हा काकीने समितीसमोर जाऊन मागणं केलं की यातली बरीचशी माझ्याच घरची आहेत, ती मला परत द्या, माझं घर कौलाचं आहे, मला लागतील. समितीत आमच्याच भावकीतले लोक. त्यांनी विचार केला आणि नकार दिला. देवीच्या डोक्यावर असलेली वस्तू माणसाच्या घरावर कशी घालायची? विटाळ होईल. पाप लागेल. काकीलाही ते पटलं. तेच तर वाईट. तीही याच मातीची, तिलाही वाटलं, खरंच की, असं कसं मागितलं आपण? तिने देवीपुढे नाक घासलं.

आणि त्या पवित्र कौलांचं समितीने काय केलं? कारखान्याच्या जागेकडे जाणारा रस्ता खचला होता. त्यात भर म्हणून टाकली. वरून रोलर फिरवला. माणसाच्या डोक्यावर चालत नाहीत ती कौलं डंपरच्या चाकाखाली चालली. पिवळसर, काळपट, लालबुंद, सगळ्या वर्षांचा चुरा झाला. कारखान्याचा एवढा एकच इतिहास कुणीतरी सांभाळला होता, देवीने, आणि तो आम्ही स्वतः दगडांसारखा रस्त्यात घातला. यात बाहेरच्या कुणाचा हात नव्हता. शेटांचा नाही, बिल्डरचा नाही. मला राग येतो तो याचा.

आता त्याच रस्त्याने कॉम्प्लेक्सकडे जातात. कारखान्याच्या जागेवर टॉवर येताहेत, आणि त्यांच्या नावात हेरिटेज हा शब्द आहे. चिमणी पाडलेली नाही. तिला रात्री खालून दिवे सोडतात. शेड गेली, भट्ट्या गेल्या, त्यांवर उगवलेला पिंपळही गेला, पण मोडकळीतून जी काही अख्खी कौलं निघाली ती धुऊन रचून ठेवली आहेत, क्लबहाउसच्या भिंतीसाठी. बैल गेला नि झोपा केला म्हणतात, पण इथे झोपा इतका सुंदर आहे की बैलाची आठवणही कुणाला होऊ नये.

या वर्षी बारवीकडच्या रानातून माकडं उतरली. रानात पाणी नसेल, आमच्याकडे आंबे होते. काकीच्या घरावर त्यांनी धुमाकूळ घातला. मी रविवारी गेले तेव्हा माजघरात पुन्हा तोच उन्हाचा चौकोन पडला होता, पिठाच्या डब्यावर. क्षणभर मला बरं वाटलं, शाकारणी आहे असं वाटलं. मग काकीचा चेहरा पाहिला.

गावात ते एकच कौलारू घर उरलं होतं. मागच्या भिंतीची थप्पी तर देवीच्या वाटेने संपली. काकीला दहा कौलं हवी होती. फार नाहीत. दहा मिळाली की पावसाळा निघेल आणि ती असेतोवर घर कौलाचं राहील, एवढंच तिचं म्हणणं. जयवंत म्हणत होता, आई, पत्रे टाकू. ती म्हणत होती, पत्र्याखाली मी मरंन. दोघं आठवडाभर एकमेकांशी धड बोलत नव्हते. शेवटी मीच म्हटलं, चल काकी, कॉम्प्लेक्समध्ये जाऊन मागू. तिथे ढीगभर पडली आहेत.

ती ठेवणीतलं लुगडं नेसली. कारखान्याच्या फाटकातून ती इतक्या वर्षांनी आत जात होती. फाटकाच्या जागी आता काच होती. आतला एसी लागताच तिने पदर अंगाभोवती ओढून घेतला. तिथल्या सेल्स ऑफिसातला तरुण मुलगा फार चांगला होता, हे मला मुद्दाम सांगायला हवं. त्याने तिला बसवलं, पाणी दिलं, आणि ही इथे कामाला होती हे कळल्यावर तो अक्षरशः उडाला.

"आजी, तुम्ही तर जिवंत हेरिटेज आहात! एक छोटा व्हिडिओ करू या ना. बस दो मिनिट. रवी, कॅमेरा ला रे."

काकीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला वाटलं, बोलली की कौलं मिळतील.

तिला चिमणीसमोर उभं केलं. खांद्यावर शाल घातली, हातात एक कौल दिलं. तिने ते हातात घेताच उलटं केलं आणि होडीवर अंगठा ठेवला. मग ती बोलायला लागली. मातीचा ढीग, प्रेस, तार, बायका, भट्टीची धग, देवीचं पहिलं कौल. मी तिला कित्येक वर्षांत असं बोलताना पाहिलं नव्हतं. कॅमेऱ्यावाला मुलगा मधेच म्हणायचा, "आजी, इधर देखके, परत एकदा, लाईट गेली होती," आणि ती न कंटाळता पुन्हा सांगायची. बांधकामावरच्या बायका घमेली खाली ठेवून ऐकत उभ्या राहिल्या. सगळ्यात शेवटी तिने कॅमेऱ्यातच बघत, सांगितलं होतं तसं, आपलं मागणं सांगितलं.

"कौलाखाली निजलेल्या माणसाला ऊन लागत नाय. घर कसा थंडगार रातो. आमची माती ती, आमच्या हातांनी केलेली. मंग मना त्यातली धा द्या. माकडांनी फोडलीन, घर उघडा पडलाय माजा."

 मुलगा हसला, पण वेगळं हसला.

"आजी, ते माझ्या हातात नाही ना. एकेक पीस भिंतीच्या डिझाइनमध्ये आहे. मी सरांना विचारतो. पक्का विचारतो."

हातातलं कौल त्याने अलगद काढून घेतलं. शाल आणि नारळ मात्र दिला. रस्त्याने येताना काकीने विचारलं, "विचारंल ना गं तो?" आम्ही त्याच रस्त्यावरून चालत होतो. एका ठिकाणी डांबर उखडून लाल भुकटी वर आली होती. तिने पाय वळवला आणि कडेने गेली.

त्याने विचारलं की नाही, देव जाणे. जयवंतने वाट पाहिली. वळवाचं आभाळ रोज खाली येत होतं आणि माजघर उघडं होतं. त्याला मी दोष देत नाही. तो उल्हासनगरला पत्र्यांच्या दुकानात गेला, मी सोबत होते. दुकानदार सिंधी काका गोड माणूस, त्यांनी आधी सरबत पाजलं.

"कौल? बेटा, कौल अब कौन बनाता है. ये लो ना, लाल पत्रा. देखो, कौल का ही डिझाइन प्रेस किया है. दूर से कोई बोलेगा नहीं."

खरंच होतं. लाल रंगाचा पत्रा, त्यावर कौलांच्या ओळी उठवलेल्या. जयवंतला वाटलं आईला बरं वाटेल. त्याने तोच घेतला.

कौलं उतरली त्या दिवशी घराला पुन्हा आभाळ लागलं. साखळी करायला कोणी पोरं नव्हती. दोन माणसांनी भराभर उतरवली आणि अंगणात उभी केली. उभीच केली, काकी समोर बसली होती. पत्रे चढले. आणि काय सांगू, तिसऱ्या दिवशी कॉम्प्लेक्सचा टेम्पो दारात. त्यांना कुठून कळलं कोण जाणे. आता तुमच्या उपयोगाची नाहीत ना, मग आम्हाला द्या, आम्ही जपून ठेवू. जी माणसं दहा देऊ शकली नाहीत, ती सगळं छप्पर घेऊन गेली. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे तेवढे जाग्यावर राहिले.

काकी उंबऱ्यावर बसून होती. ती फक्त एकदाच बोलली, भरणाऱ्या माणसांना.

"हलू उचला रं. कोपरे उडतान."

काल जयवंतच्या मुलीने मला फोनवर व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, आजी फेमस! आज सुट्टी होती, डांबराचा वासही सोसवेना, म्हणून मी उठून गावी गेले. दुपारची वेळ. काकी बाहेर ओटीवर जुन्या गोधडीवर बसली होती. आत बसवत नाही. नवा पत्रा उन्हात असा तापतो की माजघरात पाऊल टाकताच कानशिलं भाजतात. लांबून बघितलं तर मात्र घर पूर्वीपेक्षा लाल दिसतं.

मी फोन तिच्यासमोर धरला. बासरी वाजली. चिमणी आली. मग शाल पांघरलेली काकी, हातात होडी छाप कौल. पडद्यावरची काकी म्हणाली, कौलाखाली निजलेल्या माणसाला ऊन लागत नाय. घर कसा थंडगार रातो. आमची माती ती, आमच्या हातांनी केलेली. मंग. आणि बासरी मोठी झाली, काकी गेली, निळा पोहण्याचा तलाव आला, हसणारं एक कुटुंब आलं, बुकिंगचा नंबर आला.

"झाला?" काकीने विचारलं.

"हो."

"मी मागतलेला कुठं हाय?"

"कापलं त्यांनी."

तिने पदराने फोनची काच पुसली. मग म्हणाली, "परत लाव."

मी परत लावला. ती फोनच्या अगदी जवळ वाकली, जणू नीट ऐकलं तर पुढचं वाक्य सापडेल. सापडलं नाही. "परत लाव." तिसऱ्यांदा लावला. थंडगार घर आलं, माती आली, हात आले, मंग आलं, आणि बासरी सुरू व्हायच्या आत माझ्या शेजारी बसलेल्या काकीनेच मोठ्याने, त्या फोनकडे बघत, वाक्य पुरं केलं.

"मंग मना त्यातली धा द्या!"

डोक्यावर पत्रा उन्हाने तडतडत होता. फोनमध्ये कुणीतरी तलावात उडी मारली, आणि व्हिडिओ आपोआप पहिल्यापासून सुरू झाला.